रेघकाकांची बढती

आमचा काचेचा कारखाना तीन जण चालवतात. थोरला दादा काच बघतो, मी गिऱ्हाइकं बघतो आणि वहिनी माणसं बघते. दादा किंवा मी एखाद्या दिवशी नसलो तरी निभावतं. वहिनी मात्र माहेरी गेली की संध्याकाळपर्यंत कोणीतरी कोणाशी तरी अबोला धरतं, आणि ते दोघं नेमके एकाच आरशाची दोन टोकं उचलणारे असतात.

माझा राग नाकावर असतो, हे आधीच सांगून टाकतो. कोणी काम बिघडवलं की माझं डोकं तापतं आणि तोंडाचा पट्टा सुटतो. वहिनीचं तसं नाही. तिचे काही नियम आहेत आणि ते तिने माणसांकडे बघून बघून बनवलेत. नवीन माणूस यायचा असला की त्याची खुंटी, त्याचे हातमोजे, त्याचा पाण्याचा पेला आदल्या दिवशीच तयार असतो. "पहिल्याच दिवशी संडास कुठे आहे हे लाजत विचारावं लागलं, तर तो माणूस ही जागा आपली कशी मानेल?" असं तिचं म्हणणं. रागवायचं ते दार लावून, कौतुक करायचं ते सगळ्यांदेखत. कौतुकही मोघम चालत नाही. मी कोणाला "छान काम केलंत" म्हणालो की ती मला कोपराने ढोसते. "काय छान केलं ते सांगा ना, भाऊजी. तुम्ही नीट बघितलंत हे त्याला कळू दे की."

सगळ्यात जाचक नियम वेगळाच आहे. ज्याला एखाद्या माणसाला कामावरून काढायचंय, त्याने आधी एक अख्खी पाळी त्या माणसाच्या शेजारी उभं राहून काम करायचं. मग तो मालक असो नाहीतर मालकाचा धाकटा भाऊ. हा नियम पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. नंतर तो माझ्याच मानगुटीवर बसला.

ती गोष्ट रेघकाकांची. रेघकाका आमचे सगळ्यात चांगले काच कापणारे. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर आहे, पण ते कोणी वापरत नाही. बाकीचे लोक काचेवर पट्टी ठेवतात, कापायची कलम चालवतात, मग थबकतात, मनातल्या मनात काहीतरी पुटपुटतात आणि काच मोडतात. रेघकाका एक रेघ ओढतात. कापड फाडल्यासारखा बारीक आवाज येतो. काच टेबलाच्या कडेला सरकवून ते मनगटाने जरासा दाब देतात, आणि ती सांगितल्या जागी तुटते. इतकी वर्षं बघतोय, तरी त्यांच्या टेबलापाशी माझे पाय अजून रेंगाळतात.

जुना फोरमन निवृत्त झाला तेव्हा त्याच्या जागी कोण, यावर आमच्या घरात धड चर्चासुद्धा झाली नाही. जेवता जेवता वहिनी म्हणाली, "रेघकाकांना देऊ या," आणि दादाने तोंडात घास असतानाच मान हलवली. हात सगळ्यांत चांगला, स्वभाव सगळ्यांना आवडणारा, आणखी काय पाहिजे? दुसऱ्या दिवशी वहिनीने सगळ्यांसमोर जाहीर केलं. टाळ्या वाजल्या. रेघकाका खाली बघून हसले आणि "बरं" म्हणाले. काकूंचे म्हणजे त्यांच्या बायकोचे पाय जमिनीवर ठरेनात. काकू एका इस्पितळात चादरी आणि रुग्णांचे कपडे यांचं काम बघतात. तिथे, शेजारीपाजारी, नात्यागोत्यात, जिथे म्हणून तोंड उघडता येईल तिथे त्यांनी सांगितलं की आमचे हे आता साहेब झाले. काकांना त्यांनी नवा निळा शर्टही घेतला, कडक इस्त्रीचा. काच कापणारा माणूस असा शर्ट कधी घालत नाही.

पुढे जे सुरू झालं ते बघून मी कपाळावर हात मारून घेतला. काकांना 'नाही' म्हणताच येत नव्हतं. कोणी रजा मागितली की मिळालीच. कोणी म्हणालं, कडा घासून घासून कंटाळा आला, की काका त्याला पॅकिंगला पाठवायचे आणि कडा स्वतः घासत बसायचे. एका हॉटेलचे आरसे द्यायचे होते, त्या सकाळी कापायच्या विभागात शुकशुकाट होता. निम्मे लोक रजेवर, आणि प्रत्येकाची रजा काकांनी तोंडभर हसून मंजूर केलेली. कोणी काच वाकडी कापली तर काका ती गुपचूप बाजूला ठेवायचे आणि सगळे घरी गेले की स्वतः नवी कापायचे. त्यामुळे ज्याने वाकडी कापली त्याला आपलं काही चुकलं हेच कळायचं नाही. तुकड्यांची पेटी भरून वाहायला लागली आणि काकांचा चेहरा दिवसेंदिवस उतरत गेला. मी हॉटेलवाल्याची बोलणी खात होतो आणि घरी येऊन ती दादाला वाढत होतो.

मग एकाचा हात कापला. नव्याने लागलेला एक कारागीर हातमोजे न घालता भलीमोठी काच उचलत होता. काका समोरच होते. ते "अहो, ते मोजे..." एवढं म्हणाले. तो म्हणाला, "काही होत नाही हो, काका." काका गप्प राहिले. काच घसरली. तळव्याला टाके पडले, बोटं तेवढी वाचली. इस्पितळात त्याच्या उशाशी काका बसून होते, निळा शर्ट रक्ताने माखलेला, आणि डोळे कुठे बघतायत त्याचा पत्ता नाही.

त्या दिवशी घरी आल्याबरोबर दादा म्हणाला, "बस झालं. आता त्यांना काढायचं." माझंही तेच मत होतं, फक्त मी ते ओरडून सांगितलं. वहिनीने दोघांचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाळी कोण करणार?" दादाने तोंडात मिठाची गुळणी धरली. उरलो मी.

तर मी अंगात जुना शर्ट घालून, हातात मोजे चढवून काकांच्या शेजारी उभा राहिलो. मनात म्हटलं, एक दिवस ढकलायचा आणि संध्याकाळी वहिनीला सांगायचं, झाला तुझा नियम, आता माणूस काढ. पण शेजारी उभं राहिलं की जे दिसतं ते ऑफिसच्या खिडकीतून दिसत नाही. काका एका टेबलाकडून दुसऱ्या टेबलाकडे जात होते ते काम तपासायला नाही, तर आपण इथे आलो याबद्दल माफी मागायला आल्यासारखे. कोणी हाक मारली की त्यांचे खांदे कानांपर्यंत वर यायचे. त्या माणसाला रोज सकाळी इथे यायची भीती वाटत होती. माझ्या कारखान्यात, माझ्या डोळ्यांदेखत.

दुपारी एक कमानदार आरसा कापायचा होता. दोघांनी प्रयत्न केला, दोन काचा वाया गेल्या. काका म्हणाले, "एवढा मी करतो." त्यांनी कलम उचलली आणि मला समोर दुसराच माणूस दिसायला लागला. खांदे खाली आले, श्वास सावकाश झाला. ते वाकले आणि त्यांनी हात अर्धगोल फिरवला, आणि ते चक्क गुणगुणत होते. कमान सुटी झाली तेव्हा आजूबाजूच्या सगळ्यांनी काम थांबवलं होतं. कौतुकाने माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "काका, उद्या जरा लवकर जाऊ का?" काकांच्या चेहऱ्यावरचा दिवा कोणीतरी बटण दाबून बंद केला.

आणखी एक गोष्ट दिसली. काकांकडून रजा घेऊन निघालेला पॅकिंगचा माणूस सरळ घरी जात नव्हता. तो आधी पॅकिंगच्या ताईकडे जायचा. या ताईला सगळे भोंगा म्हणतात, कारण तिचा आवाज काचेच्या गोदामातून रस्त्यापर्यंत पोहोचतो. तिला काच कापता येत नाही, सरळ रेघसुद्धा ओढता येत नाही. "काकांनी सोडलं का तुला?" ती कंबरेवर हात ठेवून विचारायची. "आणि हे आरसे कोण गुंडाळणार, तुझी आत्या? परवा जा. परवा मी स्वतः तुला दारापर्यंत सोडायला येते." तो हसायचा आणि परत कामाला लागायचा. त्याच दुपारी एका बाईला ताप भरलेला तिने लांबूनच ओळखला, तिला गाडीत बसवून घरी पाठवलं आणि तिचं काम दोघींमध्ये वाटून टाकलं. कोणी सांगितलेलं नव्हतं; फोरमनचं खरं काम तीच करत होती.

पाळी संपली. मोजे काढता काढता काका हळू आवाजात म्हणाले, "छोटे मालक, मला काढायचं ठरलंय ना? नियम सगळ्यांना ठाऊक आहे."

मी माझे मोजे खुंटीला लावायला वळलो.

"काढा," ते म्हणाले. "खरं तर मीच सोडायचं म्हणतोय. त्याचा हात बघितल्यापासून मला झोप नाही. मागच्या रस्त्यावरचे काचवाले घेतील मला कापायला."

"अहो, मग इथेच या की टेबलावर परत!"

"घरी काय सांगू?" काकांनी मोजे एकमेकांवर नीट ठेवले. "साहेब झालेला माणूस खाली आला म्हणजे त्याने काहीतरी घोळ घातला असणार, असंच म्हणतात लोक. हिने सगळ्यांना सांगून ठेवलंय. दुसरीकडे गेलो तर निदान म्हणता येईल, काम बदललं. तिथे मला कोणी साहेब म्हणून ओळखत नाही."

ज्या माणसाला सकाळी काढायला निघालो होतो, त्याला कसं थांबवायचं याचाच संध्याकाळी मी वाटेभर विचार करत होतो. घरी आलो आणि वहिनीला सगळं सांगितलं. दादा आता मवाळ झाला होता. तो म्हणाला, "एक करू. त्यांना 'मुख्य सल्लागार' असं काहीतरी करू. पाटी लावू. काम टेबलावरच, पण नाव मोठं."

"नको," वहिनी म्हणाली. "पाटी खोटी आहे हे सगळ्यांत आधी त्यांनाच कळेल. मग रोज त्या पाटीखालून वाकून जायचं त्यांनी?" तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. "चूक माझी आहे. मला उत्तम कापणारा माणूस दिसला आणि मी त्याच्याकडून कापणंच काढून घेतलं. बक्षीस म्हणून. चार माणसांना कसं सांभाळायचं हे एक दिवस शिकवलं नाही. आणि त्यांना हवंय का, हे विचारलंही नाही. सगळ्यांसमोर जाहीर केलं, टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजत असताना कोण नको म्हणेल?"

"मग आता?" मी विचारलं.

"आधी त्यांच्याशी बोलायचं आणि काकूंशी. मग सगळ्यांशी. हा क्रम उलटा झाला तर माणूस हातचा गेला समजा."

तिने काकांना फोन करून घरी आलो तर चालेल का विचारलं. मी गाडी काढली. काकांचं घर दोन खोल्यांचं, नीटनेटकं. काकूंनी दार उघडलं तेव्हाच त्यांच्या चेहऱ्यावरचा राग दिसला. वहिनी बसली आणि आडवळण न घेता म्हणाली, "काका, तुम्हाला फोरमन केलं तेव्हा मी चुकले. तुम्ही कमी पडला नाहीत, मी तुम्हाला चुकीच्या जागी उभं केलं. त्याचं सगळं तुम्हाला सोसावं लागलं."

काका जमिनीकडे बघत राहिले. काकूंचा मात्र बांध फुटला. "वा! तुम्ही उचलून वर ठेवणार आणि तुम्हीच खाली उतरवणार. मी सगळ्या जगाला सांगून बसले. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

"माझं नाव घेऊन सांगा. मालकीण चुकली म्हणून सांगा."

"इथे चार भिंतींत म्हणायला काय जातंय हो तुमचं? तिथे म्हणाल का, सगळ्यांसमोर?"

मी खुर्चीत चुळबुळ केली. माझ्या घरच्या बाईला कोणी असं बोललेलं मला खपत नाही. वहिनीने माझ्याकडे बघितलंही नाही. "उद्या सकाळी म्हणते," ती काकूंना म्हणाली. "तुम्हीही या. मी कमी बोलले तर तिथल्या तिथे टोका मला."

परत येताना गाडीत ती उद्याची वाक्यं पुटपुटून बघत होती. दोनदा अडकली आणि दोनदा पहिल्यापासून सुरू केली. वहिनीला घाबरलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

"आणि ते गेले तर?" मी विचारलं.

"तर जातील. मला ते हवेत, भाऊजी. त्यांच्यासारखा हात परत मिळणार नाही. पण मी गळ घातली तर ते हो म्हणतील. त्यांचं हो कसं असतं ते आपण बघितलंय."

सकाळी सगळे कापायच्या टेबलांभोवती जमले. ज्याचा हात कापला होता तोही पट्टी बांधून आला होता. काकू दाराशी उभ्या होत्या, इस्पितळाच्या कामाच्या कपड्यांतच, पर्स छातीशी धरून. दादा माझ्या शेजारी उभा राहून घसा खाकरत होता. वहिनी स्टुलावर चढली नाही, की आवाज चढवला नाही. ती म्हणाली, "रेघकाकांना फोरमन करायचं मी ठरवलं. त्यांना न विचारता आणि काही न शिकवता. नंतर कामात जो गोंधळ झाला तो मला दिसत होता, तरी मी वेळेवर पुढे आले नाही. रजा, वाया गेलेल्या काचा, यांचा हात, या सगळ्याची जबाबदारी माझी आहे. ज्याला काकांकडे बोट दाखवायचं असेल त्याने आधी माझ्याकडे दाखवावं."

मालकाच्या घरचं माणूस असं बोलतंय याची कोणाला सवय नव्हती. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. माझी मान खाली जाईल असं मला आदल्या दिवशी वाटलं होतं. उलट मला अभिमानाने ती कुठे ठेवू असं झालं.

काका पुढे आले. "तुमची एकटीची चूक नाही, वहिनी. मला नाही म्हणता आलं असतं."

"कसं आलं असतं, काका? ज्यांच्या हातून आपला पगार येतो त्यांना नाही म्हणायला कोणाची जीभ रेटते? ते सोपं करून ठेवायचं काम माझं होतं. ते मी केलं नाही." वहिनीने श्वास घेतला. "म्हणून आता नीट विचारते. फोरमन राहायचं असेल तर रोज मी तुमच्या शेजारी उभी राहीन आणि आपण दोघं मिळून शिकू. टेबलावर परत यायचं असेल तर पगार आज आहे तोच राहील, ह्यांची सही घेतलीय. दुसरीकडे जायचं असेल तर तिथल्या मालकांना मी स्वतः फोन करीन आणि माझ्याकडून काय माणूस गेला ते सांगेन. तिन्हींतलं काहीही निवडा. माझं तोंड वाकडं होणार नाही."

काकांनी दाराकडे, काकूंकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघताय?" काकू म्हणाल्या. "तुम्हाला विचारलंय."

पॅकिंगची भोंगाताईसुद्धा तोंडावर हात ठेवून गप्प होती. ती गप्प आहे म्हणजे मामला किती नाजूक होता ते ओळखा. काकांनी तोंड उघडलं, मिटलं. "फोरमन..." ते म्हणाले आणि अडकले. त्यांचे खांदे पुन्हा वर चढले. माझ्या मनात आलं, संपलं, आता हा माणूस आपल्या सगळ्यांना बरं वाटावं म्हणून हो म्हणणार.

"नाही," काका म्हणाले.

आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. ते स्वतःच दचकले. मग त्या शब्दाची चव आवडल्यासारखं त्यांनी तो पुन्हा उच्चारला. "नाही. फोरमन नको मला. आणि दुसरीकडेही जायचं नाही."

दाराशी काकू हसल्या, तोंडाला पदर न लावता, मोठ्याने. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझ्याही आलं, ते मी लपवलं नाही. मालक म्हणून जन्मभर आम्ही लोकांचा होकारच ऐकत आलो होतो. आमच्या कारखान्यात आमच्या तोंडावर कोणी इतक्या मोकळेपणाने नाही म्हटलं ते त्या सकाळी पहिल्यांदा, आणि ते ऐकून आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.